पाहुणा कुठवर यायचा?

घराभोवतीच्या भिंतीला आपण ‘कंपाउंड’ म्हणतो. शब्द इंग्रजीतून आला हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण इंग्रजांनी तो मलय भाषेतल्या ‘कांपुंग’वरून घेतला असावा, असं बहुतेक कोशकार मानतात. कांपुंग म्हणजे खेडं, वस्ती, घरांचा पुंजका. गंमत अशी की जुन्या मलय कांपुंगात कंपाउंड नसतंच. घरं नारळीपोफळीत आणि फळझाडांत विखुरलेली असतात. एकाचं अंगण कुठे संपतं आणि शेजाऱ्याचं कुठे सुरू होतं, हे एखादं झाड, एखादा चर किंवा नुसती पायवाट सांगते. त्या पायवाटाही बिनदिक्कत कुणाच्याही अंगणातून जातात. ज्या वस्तीच्या नावावरून जगाला भिंतीचा शब्द मिळाला, तिथे आत-बाहेरचा हिशेब भिंतीने केला नाही. मग तो कशाने केला? मलय घराचा इतिहास वाचायचा तर मला हाच प्रश्न सर्वांत उपयोगी वाटतो. आज मलेशियात शेकडो गावकरी कुटुंबं परदेशी पाहुण्यांना घरी ठेवून घेतात, झावळ्यांचं विणकाम शिकवतात, सारोंग नेसवतात, सोबत जेवायला बसवतात. या प्रकाराकडे पाहतानाही हाच प्रश्न हाताशी असलेला बरा.

या ‘होमस्टे’वरची नेहमीची टीका आपल्याला पाठ आहे. पूर्वी पाहुणचार मनापासून होता, आता त्याचं दरपत्रक झालं. पूर्वी रूढी जगली जायची, आता ती दाखवली जाते. टीकेत तथ्य नाही असं नाही, पण तिच्या मुळाशी एक न तपासलेलं गृहीत आहे. मलय घर पूर्वी आपल्यापुरतं मिटलेलं होतं आणि पर्यटनाने त्याचं दार उघडलं, असं ती धरून चालते. पुरावा याच्या उलट आहे. हे घर मुळात परक्याच्या स्वागतासाठीच बेतलेलं होतं. त्याच्या पायऱ्या, जमिनीच्या कमीजास्त पातळ्या, दोन जिने, सगळं काही पाहुण्याला कुठवर येऊ द्यायचं हे ठरवणारं होतं. विसाव्या शतकाच्या अखेरीस घडलेला बदल दार उघडण्याचा नव्हता. पाहुणा ज्या रेषेपाशी थांबायचा ती रेषा सरकली, हा तो बदल. ती सरकून कुणाच्या कामाच्या जागेपर्यंत पोचली, हे पाहिल्याशिवाय पैशाबद्दलचा वाद अर्धाच राहतो.

प्रथम घराची मांडणी. मलय द्वीपकल्पातलं पारंपरिक घर खांबांवर उभं असतं. पूर, ओल, साप-विंचू आणि वारा खेळता ठेवण्याची गरज, अशी सगळीच कारणं त्यामागे आहेत. पाहुणा आधी जिन्याच्या पायथ्याशी येतो. तिथे तंपायान म्हणजे पाण्याचा मोठा रांजण आणि एक डोण किंवा करवंटी. खालूनच सलाम घालायचा, वरून उत्तर आलं की पाय धुवायचे, वहाणा काढायच्या आणि चढायचं. पहिली जागा आंजुंग, म्हणजे जिन्याच्या माथ्यावरचा छपराखालचा छोटा सज्जा. त्यानंतर सेरांबी. ती लांबट, अरुंद, खिडक्यांनी भरलेली ओसरी असते. खिडक्या जवळजवळ जमिनीपर्यंत उतरतात, कारण बसणं चटईवर असतं आणि बसल्या बसल्या बाहेरचं दिसायला हवं. पुरुष पाहुण्याचा मुक्काम इथेच. सेरांबीच्या मागे रुमाह इबू, शब्दशः ‘आई-घर’. घराचा हा गाभा, झोपण्याची, नमाजाची, बाळंतपणाची जागा. याची जमीन सेरांबीपेक्षा थोडी उंच असते. फरक काही इंचांचा, पण पाय उचलावा लागतो आणि पाय उचलताना आपण कुठे चाललो आहोत हे कळतं. त्यामागे सेलांग नावाची जोडवाट आणि शेवटी दापुर, म्हणजे स्वयंपाकघर, पुन्हा खालच्या पातळीवर. दापुराला स्वतःचा मागचा जिना असतो. शेजारणी, बहिणी, मावश्या त्याच जिन्याने येतात आणि सेरांबीत कोण बसलंय याची फिकीर न करता सेलांगात गप्पा मारतात. कोकणातल्या घराची ओटी, पडवी, माजघर आणि मागचं दार ज्यांच्या डोळ्यासमोर आहे, त्यांना ही भाषा अनुवादाशिवाय कळेल.

ही मांडणी रोमँटिक कल्पना नाही. तिची वैशिष्ट्यं वास्तुविद्येच्या अभ्यासकांनी काटेकोर नोंदली आहेत. लिम जी युआन यांचं १९८७ मधलं मलय घरावरचं पुस्तक त्यातलं सर्वांत परिचित. तिची मुळंही फार मागे जातात. चिनी आरमारप्रमुख चंग ह याच्या मोहिमांबरोबर आलेल्या मा ह्वान या दुभाषाने पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात मलाक्का पाहिलं आणि तिथल्या घरांचं वर्णन लिहून ठेवलं. फळ्यांची जमीन नाही. जमिनीपासून सुमारे चार चिनी फूट उंचीवर माडाच्या फाकी वेताने बांधून केलेला माच आहे. बसणं, जेवणं, निजणं, चूलसुद्धा त्याच माचावर. त्याला तो बांधकामाचा प्रकार मेंढ्यांच्या वाड्यासारखा वाटला. पाहुण्याच्या नजरेतला हा पहिला तपशीलवार दाखला. दुसरा दाखला आणखी बोलका आहे. मुन्शी अब्दुल्ला हा मलाक्कात जन्मलेला, अरब आणि तमिळ वंशाचा पण मलय भाषेत लिहिणारा लेखक. १८३८ मध्ये तो सिंगापूरहून केलांतानपर्यंत समुद्रमार्गे गेला आणि त्या प्रवासाचा वृत्तांत त्याने लिहिला. पूर्व किनाऱ्यावरच्या कांपुंगांवर तो खूश नव्हता. वेडीवाकडी घरं, घाण, झाडोरा, आळस, राजांचा जाच, अशी तक्रारींची यादीच त्याने दिली आहे. शांत, हिरवा, सुसंस्कृत कांपुंग ही प्रतिमा सनातन नाही, एवढं त्यावरून नक्की ठरतं. ती नंतर घडली आणि घडवलीही गेली. ज्यांना आजच्या होमस्टेमध्ये ‘मूळ’ कांपुंग हरवलेला दिसतो, त्यांनी अब्दुल्लाशी आधी वाद घालावा.

‘आई-घर’ हे नाव नुसतं मायेपोटी पडलेलं नाही. जुने सुतार मापं शरीरावरून घेत. वीत, हात, वाव ही आपल्याकडचीही मापं होती. तिथे मुख्य दालनाचं अंतर मोजायला घरच्या बाईच्या पसरलेल्या हातांची वाव घेण्याची रीत होती. घराचा आकार असा गृहिणीच्या कवेतून निघायचा. मधल्या मुख्य खांबाला ‘तियांग स्री’ म्हणतात. त्यातलं ‘स्री’ म्हणजे आपलं ‘श्री’. तो उभारतानाचे विधी वॉल्टर स्कीट यांनी १९०० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या मलय लोकविधींच्या ग्रंथात नोंदले आहेत. नग्री सेंबिलान या राज्यात तर बाईचा अधिकार मोजमापापुरता नव्हता. सुमात्रातून आलेल्या मिनांगकाबाउ लोकांच्या ‘आदात पर्पातिह’ या रूढीनुसार तिथे वडिलोपार्जित जमीन आणि घर आईकडून मुलीकडे जातं. नवरा लग्नानंतर बायकोच्या घरी राहायला येतो. ब्रिटिशांनी ही वहिवाट मोडली नाही. १९०९ आणि १९२६ च्या कायद्यांनी ती सरकारी दप्तरात बसवली. पूर्वजांच्या जमिनीवर बाईच्या नावाची नोंद झाली. म्हणजे या राज्यात घराचा धनीच एका अर्थाने कायमचा पाहुणा, आणि यजमानीण ती. तरीही सेरांबीत पानाचं तबक पुढे करून बोलणी करायचा तो पुरुष. बाईचं घर आणि पुरुषाची ओसरी, या दोहोंमधली फट पुढच्या गोष्टीत महत्त्वाची आहे.

पाहुणचाराचा सार्वजनिक चेहरा सर्वांत ठळक दिसतो तो पंघुलूच्या घरात. पंघुलू म्हणजे आपल्या पाटलासारखा. तंटे मिटवणारा, सुलतानाचा आणि पुढे ब्रिटिशांचा हस्तक. इंग्रजी अमलात त्याला पगार लागला, सारा आणि जमिनीच्या नोंदी त्याच्याकडे आल्या. मग त्याची सेरांबी कचेरीही झाली, उतारूंची धर्मशाळाही झाली. मलाक्का राज्यातल्या मर्लिमाउ इथे पंघुलू मात नात्तारचं १८९४ मधलं घर आहे. त्याचा दर्शनी जिना रंगीत नक्षीच्या फरशांनी मढवलेला, वळणदार आणि दिमाखदार आहे. लाकडी मलय घराला असा चिनी कारागिरीचा, गच्च पक्का जिना जोडणं ही मलाक्का भागातली खास आवड. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की यजमानाने पैसा कुठे खर्च केला? चुलीवर नाही, झोपायच्या खोलीवर नाही. परक्याचे पाय जिथे पहिल्यांदा लागतात त्या पायऱ्यांवर. घर दाखवण्याची हौस पर्यटन खात्याने शिकवली असं म्हणणाऱ्यांनी हा जिना एकदा बघावा. आणि तो मूळ मलय नाही म्हणून नाकं मुरडणाऱ्यांनीही बघावा. उसन्या फरशांनी सजलेला हा जिना आज मलाक्काच्या मलय वास्तूची ओळख म्हणून दाखवला जातो.

कांपुंगाची गोड प्रतिमा तयार व्हायला त्यापासून दूर जावं लागलं. १९१३ मध्ये संघटित मलय संस्थानांत मलय राखीव जमिनींचा कायदा झाला. मलय माणूस म्हणजे भाताचा शेतकरी, त्याची जागा खेड्यात, हा वसाहतवादी समज त्याने पक्का केला. स्वातंत्र्यानंतर, विशेषतः १९७१ च्या नव्या आर्थिक धोरणानंतर, मलय तरुण शहरांकडे आणि कारखान्यांकडे लोटले. देशातली शहरी लोकसंख्या १९७० मध्ये २८.४ टक्के होती, ती २०२० मध्ये ७५.१ टक्के झाली. पन्नास वर्षांत खेड्यातला देश शहरात गेला. मग ‘बालिक कांपुंग’, म्हणजे ईदला गावी परतणं, हा राष्ट्रीय विधी झाला. गणपतीला कोकणात जाणाऱ्या गाड्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना त्या गर्दीचं वर्णन नको. घर रिकामं होऊ लागलं की ते वारसा होतं. १९८६ मध्ये मलाक्काजवळ आयर करोह इथे ‘मिनी मलेशिया’ उघडलं. तेरा राज्यांची तेरा नमुना घरं, आत पुतळे, वस्तू आणि माहितीचे फलक. केडाह राज्यातलं पंघुलू अबू सेमान यांचं घर १९१० पासून १९३० च्या दशकापर्यंत टप्प्याटप्प्याने वाढलं होतं. वारसा जतन करणाऱ्या संस्थेने ते उतरवून १९९६ च्या सुमारास क्वालालंपूरच्या मध्यात पुन्हा उभं केलं. घर उपटून हलवणं हा अपमान नव्हे. खिळ्यांऐवजी खाचा आणि लाकडी खुंट्यांवर जोडलेलं मलय घर सुटं करता येतं, आणि गावकरी मिळून अख्खं घर खांद्यावर उचलून नेण्याचीही तिथे रीत होती. पण संग्रहालयातल्या घरात वरून सलामाला उत्तर द्यायला कुणी नसतं. मांडणी शिल्लक राहिली, पण त्या मांडणीचा उपयोग संपला.

याच्या उलट टोकाला मलाक्का नदीच्या वळणावरचं कांपुंग मोर्तेन आहे. १९२० च्या दशकात दलदलीच्या जागी ही मलय वस्ती बसवली गेली आणि तिला महसूल खात्यातल्या मोर्तेन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याचं नाव मिळालं. आज ती भर शहरात आहे, भोवती हॉटेलं आहेत, आणि आत अजून लोक राहतात. तिथलं ‘व्हिला सेंतोसा’ हे घर एका कुटुंबाने येणाऱ्याजाणाऱ्यासाठी खुलं ठेवलं आहे. सेंतोसा म्हणजे शांती, समाधान, आणि हा शब्द आपल्या ‘संतोष’वरूनच तिकडे गेला. आत जुनी भांडी, वस्त्रं, फोटो, लग्नाचा सजवलेला मंच आहे. घरचाच माणूस पाहुण्याला हिंडवतो. तिकीट नाही, वाटलं तर पेटीत पैसे टाकावेत. इथे पाहुणा सेरांबी ओलांडून थेट आत जातो, शयनगृहातही डोकावतो. वारसा म्हणून घर दाखवायचं ठरलं की आई-घरच आधी दाखवावं लागतं, कारण जपलेल्या वस्तू तिथेच असतात. जुन्या रेषेचं हे पहिलं उल्लंघन. ते सरकारी योजनेतून आलं नाही, कुटुंबाच्या निर्णयातून आलं.

योजना नंतर आली. तिची पूर्वपीठिका साधारण अशी सांगतात: १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला पहांगच्या किनाऱ्यावरच्या चेरातिंग गावात पाठीवर पिशवी घेऊन भटकणारे पाश्चात्त्य तरुण येऊ लागले. गावातल्या एका बाईने त्यांना आपल्या घरात राहायला जागा, न्याहारी आणि रात्रीचं जेवण देण्यास सुरुवात केली. पुढे जपानी तरुणांच्या देवाणघेवाणीच्या भेटी सुरू झाल्या. आणि १९९५ मध्ये पहांगमध्येच तमर्लोहजवळच्या ‘देसा मुर्नी’ या पाच गावांच्या समूहात सरकारी होमस्टे कार्यक्रमाचं रीतसर उद्घाटन झालं. ‘देसा’ म्हणजे गाव, तोही आपल्या ‘देश’चाच भाऊ. नियम साधे आहेत. यजमान कुटुंबाने त्याच घरात राहायला हवं, पाहुण्याला वेगळी खोली आणि स्वच्छ शौचालय हवं, प्रशिक्षण आणि नोंदणी हवी, आणि एकटंदुकटं घर नाही तर गाव मिळून हे करायला हवं. पाहुण्यांच्या बसचं स्वागत डफासारख्या कोंपांगच्या तालावर होतं. चमचमत्या कागदी माडफुलांच्या ‘बुंगा मांगार’ काठ्या पुढे धरलेल्या असतात. या काठ्या नवरदेवाच्या आणि मान्यवरांच्या मिरवणुकीत धरतात. परक्याला गावाने दिलेला हा मान नवा शोधलेला नाही, हाताशी असलेलाच मान त्याला देऊ केला. मग प्रत्येकाला एकेका कुटुंबात वाटून देतात. त्याला ‘आनाक आंगकात’, मानलेलं लेकरू, म्हणतात. इथे खरी उलथापालथ आहे. सेरांबीतला पाहुणा पाहुणाच राहतो. लेकरू झाला की तो चुलीपाशी जातो. केतुपात या भाताच्या पदार्थासाठी नारळाच्या कोवळ्या झावळ्यांच्या पिशव्या विणणं, सांबालची चटणी वाटणं, दोदोलची मिठाई घोटणं, या सगळ्या ‘सांस्कृतिक उपक्रमां’ची जागा दापुर आहे. शतकानुशतकं ज्या जागेला परका पुरुष दिसत नव्हता, ती जागाच आता कार्यक्रमाचा रंगमंच झाली.

पहिला आक्षेप पैशाचा. पाहुणचाराला दर लावला की तो पाहुणचार राहत नाही, असं म्हणतात. पण मलय पाहुणचार कधीच फुकट नव्हता. त्याची परतफेड रोखीत होत नसे, एवढंच. भेटीला जाताना ‘बुआह तांगान’, हातातलं फळ, म्हणजे काहीतरी खाऊ न्यायचा असतो. गावजेवणाला तिथे ‘कंदुरी’ म्हणतात. आपल्याकडे दर्ग्यावर नवसाची कंदुरी होते तो हाच फार्सी शब्द, समुद्रापलीकडे गेलेला. कंदुरीसाठी शेजारी येऊन भाज्या चिरतात, कढया घोटतात, पत्रे ठोकतात. आज तुझ्याकडे मी, उद्या माझ्याकडे तू, आपल्या सावडीसारखं. या हिशेबात चूक झाली तर ती पिढ्यान्‌पिढ्या लक्षात राहते. पाहुणचाराचा भार खुद्द त्या समाजालाही ठाऊक होता. रानातल्या माकडाला दूध पाजायचं आणि घरातलं मूल उपाशी मारायचं, अशा अर्थाची एक मलय म्हण आहे. ती परक्यासाठी घर रिकामं करणाऱ्याला टोचण्यासाठीच वापरतात. परदेशातून दोन रात्रींसाठी आलेला माणूस सावड फेडू शकत नाही. तो उद्या आपल्या लग्नात भाज्या चिरायला येणार नाही. म्हणून त्याच्याकडून पैसे घेणं हे अधःपतन नसून जुन्या देवाणघेवाणीचं जवळजवळ अपरिहार्य रूप आहे. आक्षेपात खरं काय उरतं? पैसे कुणाच्या हातात जातात, हा प्रश्न. गावाच्या समितीने वाटप केलं तर एका कुटुंबाला वारंवार आणि दुसऱ्याला क्वचित पाहुणे मिळतात. त्यातून तीच जुनी, पिढ्यान्‌पिढ्या लक्षात राहणारी कुरबुर नव्या कारणाने सुरू होते.

दुसरा आक्षेप नाटकाचा. पाहुण्यांना वधूवराचे कपडे घालून लुटुपुटीचं लग्न लावतात, भोवरे फिरवून दाखवतात, सिलात या मलय युद्धकलेचे हात दाखवतात. हे जगणं नाही, प्रयोग आहे. बरोबर, प्रयोगच आहे. पण मलय असणं म्हणजे काय, याची व्याख्या मलेशियाच्या राज्यघटनेच्या १६० व्या कलमात आहे. त्यानुसार मलय म्हणजे इस्लाम मानणारा, नेहमी मलय भाषा बोलणारा आणि मलय रूढी पाळणारा. देशातल्या जन्माची किंवा वंशाची अट आहे, पण भर आचरणावर आहे. हा नियम आकाशातून पडला नाही. सलांगोर आणि जोहोरच्या किनाऱ्यावर जावातून, सुमात्रातून, सुलावेसीतून आलेल्या लोकांच्या वस्त्या होत्या. कांपुंगात राहता राहता, तिथल्या रीतीने पाय धुता धुता, त्यांची मुलं मलय झाली. रूढी आत्मसात करणं, तिचा सराव करणं, पाहणाऱ्यासमोर ती बरोबर करून दाखवणं, हाच इथे आपलेपणाचा रस्ता होता. लग्नाचा तर मूळ विधीच दाखवण्याचा आहे. वधूवर ‘बर्सांदिंग’साठी सजवलेल्या आसनावर राजाराणीसारखे बसतात आणि सगळा गाव त्यांना बघतो. तरीही माझं मन लुटुपुटीच्या लग्नाला राजी होत नाही, आणि त्याचं कारण शुद्धतेचं नाही. बाकीच्या उपक्रमांत पाहुणा काहीतरी शिकतो. झावळी चुकीची दुमडली तर केतुपात सुटतो आणि बाई हसून परत दाखवते. लग्नाच्या खेळात त्याला चुकताच येत नाही. जिथे चूक होऊ शकत नाही तिथे रूढीही हजर नसते, फक्त तिचे कपडे असतात.

तिसरा आक्षेप घराचा. अनेक होमस्टे घरं सिमेंटची, पत्र्याची, टाइल्सची आहेत. मग ‘पारंपरिक’ कसली? हा आक्षेप सर्वांत दुबळा, कारण मलय घराची परंपराच भर घालण्याची आहे. आधी आई-घर, मग पैसा आला की सेरांबी, मग मूल वाढलं की आणखी एक खोली. निपाच्या झावळ्यांचं छप्पर दर काही वर्षांनी बदलावं लागतं, म्हणून पत्रा मिळताच लोकांनी तो आनंदाने घातला. तापतो, पण पावसाळ्यात गळत नाही. आज गावांत वारंवार दिसणारं चित्र असं: पुढे खांबांवरचं जुनं लाकडी घर, मागे जमिनीवर टेकलेलं विटा-सिमेंटचं नवं स्वयंपाकघर, गॅस, फ्रिज, नळ. पर्यटक लाकूड बघायला येतो आणि जेवतो सिमेंटच्या जमिनीवर. त्यात विसंगती शोधणाऱ्याने बाईला विचारावं की खालच्या नदीवरून हंडा आणून जिना चढण्यात तिला कितपत परंपरा वाटत होती. दापुर जमिनीवर आलं, रुंद झालं, त्यात बारा माणसं मावू लागली, म्हणूनच परक्याला तिथे बोलावणं शक्य झालं. जुन्या अरुंद, धुराने काळ्या दापुरात हा कार्यक्रम झालाच नसता.

आता रेषा सरकण्याचा हिशेब. होमस्टेच्या गावांत घराचं खरं काम बायका करतात: खोली, जेवण, उपक्रम, हसतमुख राहणं. सेरांबीत पुरुष पाहुण्याशी बोलत बसायचा, त्या वेळी मागे बाईचं काम चालायचं, पण तिच्यावर नजर नसायची. सेलांग आणि मागचा जिना ही तिची स्वतःची वाट होती. परका चुलीपाशी आला तेव्हा बाईला मिळालं पुष्कळ: रोख पैसा, नाव, ओळख, आणि नग्री सेंबिलानमध्ये कागदावर असलेली यजमानीण प्रत्यक्षातही यजमानीण झाली. पण तिची मोकळी जागाही त्याबरोबर आक्रसली. शेजारणीला मागच्या जिन्याने येऊन आपलं दुखणं सांगायचं असेल तर तिथे आता दोन कोरियन मुली झावळ्या विणत बसलेल्या असतात. ‘बुदी बाहासा’ म्हणजे सौजन्य. हा जोडशब्द आपल्या बुद्धी आणि भाषा यांतूनच घडला. ते सौजन्य पूर्वी सेरांबीत बैठकीपुरतं सांभाळायचं असे, आता दिवसभर सांभाळावं लागतं. टीकाकार पैशावर बोट ठेवतात. मला वाटतं, ते या मागच्या जिन्यावर ठेवायला हवं. आपल्याकडे कोकणात ‘निवास-न्याहारी’च्या पाट्या लावणाऱ्या घरांतही, माजघर आणि मागची पडवी कुणाची राहिली, हा प्रश्न फार वेगळा नसेल.

मलेशियातच यावर एक उत्तर आपोआप निघालं आहे, आणि ते सरकारी व्याख्येला पार उलटं करतं. महामार्गावर आणि शहरांच्या कडेला जागोजागी ‘होमस्टे’ असे फलक दिसतात. ते बहुतेक पूर्ण रिकाम्या घरांचे असतात. मालक दुसरीकडे राहतो, नवदांपत्याची वरात किंवा पदवीदान समारंभाला आलेलं एखादं कुटुंब दोन रात्रींसाठी घर घेतं. तिथे यजमानीण नाही, मानलेलं लेकरू नाही, केतुपात नाही. शब्दाचा असा गोंधळ झाल्यामुळे पर्यटन खात्याला कुटुंबासोबत राहण्याच्या आपल्या कार्यक्रमाची वेगळी ओळख करून द्यावी लागते. भाड्याच्या घरात पाहुणा पुढच्या दाराने शिरतो, सगळ्या खोल्या त्याच्या असतात, दापुरही त्याचंच. जिना असलाच तर पायथ्याचा रांजण कधीच हललेला असतो, आणि किल्ली पायपुसण्याखाली ठेवलेली असते.